चवथीचा बेत नारळापासून आखा: पाच दिवस, सात माणसे आणि आवाक्यातला खर्च

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंड्याजवळ घर, घरची सात माणसे, पाच दिवसांचा गणपती. चवथीच्या दिवशी बाहेरगावची आणखी पाच माणसे पंगतीला, आणि दोन संध्याकाळी घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीला पंचवीसेक मंडळी. गेल्या वर्षी नेवऱ्या (करंज्या) तेलात फुटल्या, खतखते (डाळ-खोबऱ्यातली मिश्र भाजी) दुसऱ्या दिवशी आंबले, आणि नारळ, तेल, काजू यांतच ठरवलेले पैसे संपले. यंदा पानातले पदार्थ कमी न करता खर्च कसा आवरायचा?

पदार्थ थोडे कमी करावेच लागतील, पण कुणाच्या लक्षात येणार नाहीत असे. त्याआधी यादी उलटी करा. बहुतेक घरांत आधी पदार्थ ठरतात आणि मग सामान आणले जाते. चवथीला हा क्रम महागात पडतो, कारण गोव्याच्या शिवराक (शाकाहारी) जेवणात नारळ नाही असा पदार्थच जवळजवळ नाही. वरणात थोडा, भाजीवर थोडा, तोणाकात (वाटणाच्या रस्सा-उसळीत) बराच, गोडात सगळ्यात जास्त. म्हणून आधी पाच दिवसांत किती नारळ फोडायचे ते ठरवा आणि ते पदार्थांत वाटून द्या. भाव आठवड्यात दोनदा बदलतो, तेव्हा रुपयांपेक्षा नगांतला हिशेब जास्त टिकतो.

मध्यम नारळाचे खोबरे साधारण २०० ते २५० ग्रॅम भरते, म्हणजे सैल भरलेल्या अडीच-तीन वाट्या. बारा माणसांच्या पहिल्या पंगतीला खतखत्यासाठी दीड नारळ, मुगागाठींना (मोड आलेल्या मुगांना) एक, मणगण्याला (चणाडाळ-साबुदाण्याच्या खिरीला) दोन, नैवेद्याच्या २१ ओल्या नेवऱ्यांना एक, आंबाड्याच्या सासवाला (कच्च्या खोबरे-मोहरीच्या वाटणातल्या पदार्थाला) अर्धा आणि सुक्या भाजीला अर्धा. एकूण साडेसहा. हाच स्वयंपाक हात सैल सोडून केला तर दहा नारळ सहज जातात. पुढे पंचमीला अडीच, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी दीड-दीड, विसर्जनाच्या दिवशी एक. पाच दिवसांचे तेरा. पूजेत फोडलेले नारळ याच तेरांत धरा, वेगळे नकोत. माटोळीला (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीला) बांधलेले मात्र यात धरू नका, ते विसर्जनानंतरच खाली येतात.

साडेसहा नारळांत सोलकढी दिसली नाही, ती मुद्दाम. ती मणगण्याच्या नारळांतूनच निघते. दोन नारळांचे खोबरे कोमट पाण्यात वाटून पहिला दाट रस काढा, साधारण दोन वाट्या, तो मणगण्यात शेवटी घालायचा. त्याच चोथ्यात पाणी घालून दुसरा रस काढा, तो गूळ विरघळवताना लागतो. तिसरा पातळ रस सोलकढीला: भिजवलेली १२ ते १५ आमसुले, एक हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर. दाट रसाच्या सोलकढीची सर तिला नाही, पण नऊ पदार्थांच्या पानात ती पातळच बरी. उरलेला चोथा टाकू नका. मंद आचेवर कोरडा भाजून वालीच्या किंवा सात शिरांच्या भेंड्यांच्या भाजीवर घाला. त्यात चव फारशी उरलेली नसते, म्हणून निम्मा चोथा आणि निम्मे ताजे खोबरे असे मिसळा. ते जमले तर भाजीचा अर्धा नारळ पाववर येतो.

नारळ घेताना हातात जड लागतो का, हलवल्यावर पाणी वाजते का आणि डोळ्यांपाशी बुरशी नाही ना हे बघा. फोडलेला प्रत्येक नारळ आधी वेगळ्या वाटीत खवा आणि वास घेऊनच मोठ्या ताटात टाका. एक खवट निघाला आणि इतर चारांत मिसळला गेला की पाचही गेले. खवलेले खोबरे फ्रिजमध्ये दोन दिवस चांगले राहते. फ्रीझरमध्ये नारळाएवढ्या पुड्या करून ठेवलेत तर महिनाभरही चालते, फक्त त्यातून रस कमी निघतो, म्हणून ते वाटणालाच वापरा. न सोललेला नारळ आठवडेच्या आठवडे टिकतो. तेव्हा नारळाची खरेदी चवथीच्या आधी पंधरा दिवस उरकायला काहीच हरकत नाही. बाजार अंगावर येतो तो शेवटच्या दोन दिवसांत.

बाकी खरेदीही दोन भागांत करा. सुरण, कणगां, माडी हे कंद, लाल भोपळा, तवशें (मोठी काकडी), बटाटे, कडधान्ये आणि गूळ हे सगळे निदान पाच-सहा दिवस आधी. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार जवळ असेल तर चवथीच्या आधीचा शुक्रवार सोडून त्याच्या आधीचा धरा. बेळगावहून येणारी कोबी, गाजर, मिरची यांसाठी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवरचा भाव आधी विचारून घ्या, मग बाजारात जा. अळू, वाल, हळदीची पाने, केळीची पाने आणि पालेभाज्या मात्र तयेच्या (आदल्या, तृतीयेच्या) दिवशी किंवा चवथीच्याच सकाळी. हळदीची पाने शेजारीपाजारी मिळत असतील तर विकत कशाला घ्यायची? टोमॅटो यादीतून काढूनच टाका. आंबटपणाला आमसूल, बिमली, आंबाडे आहेत आणि टोमॅटो घातलेले खतखते हे खतखते नव्हेच.

काजूबद्दल एवढेच: मणगण्यात आणि नेवऱ्यांत अख्खा काजू लागत नाही. तुकडा किंवा पाकळी घ्या, चव तीच. खसखस पूर्ण वगळून तीळ वाढवा.

आता नेवऱ्या. त्यांत दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पैसे जातात. ओल्या चुनाच्या, म्हणजे खोबरे-गुळाच्या नेवऱ्या त्याच दिवशी खायच्या, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. त्या नैवेद्यापुरत्या २१ पुरे. आरतीच्या मंडळींसाठी सुक्या सारणाच्या करा, त्या नीट भरल्या तर दोन आठवडे राहतात. म्हणजे चवथीच्या आदल्या आठवड्यात, घाई नसताना तळून ठेवता येतात.

सुक्या ६० नेवऱ्यांसाठी: मैदा ५०० ग्रॅम आणि बारीक रवा २५० ग्रॅम, चमचाभर मीठ, ९० मिली कडकडीत तेलाचे मोहन आणि सुमारे ३२० मिली पाणी. पाणी एकदम ओतू नका, मैद्याची जात बदलली की तेही बदलते. सारणाला रवा २२५ ग्रॅम, किसलेले सुके खोबरे २२५ ग्रॅम, तीळ ७५ ग्रॅम, तुकडा काजू ५० ग्रॅम. हे सगळे वेगवेगळे भाजायचे, कारण तीळ मिनिटाभरात तडतडतात आणि रव्याला दहा मिनिटे लागतात. पूर्ण गार झाल्यावर ३०० ग्रॅम पिठीसाखर आणि वेलची. गरम सारणात साखर घातली की ती पाघळते आणि सारण ओले होते.

नेवरी फुटण्याची कारणे मोजकीच आहेत. पहिले म्हणजे मोहन जास्त होणे. खुसखुशीत व्हावी म्हणून वाटीभर तूप ओतले जाते आणि मग कडा एकमेकींना धरतच नाहीत. पिठात मोहन चोळल्यावर मूठ वळली आणि बोटाने दाबताच सुटली तर तेवढे बरोबर. मूठ दगडासारखी घट्ट राहिली तर पीठ वाढवा. दुसरे, सारणाची भुकटी कडेवर सांडणे. तिथे पाण्याचे बोट कितीही फिरवा, चिकटत नाही. चमचा मध्येच ठेवा आणि कडेपासून बोटभर जागा कोरडी सोडा. तिसरे, लाटलेल्या पाऱ्या पंख्याखाली वाळत ठेवणे. पीठ भिजवून तासभर ओल्या फडक्याखाली ठेवा, एका वेळी आठ-दहा लाटा, भरा, आणि भरलेल्या नेवऱ्याही फडक्याखालीच ठेवा. चौथे, आत हवा कोंडणे. कड बंद करण्याआधी पोटावर हलकेच दाबून हवा काढा. ओल्या नेवऱ्यांना आणखी एक कारण असते. एका नारळाचे खोबरे आणि १३० ग्रॅम गूळ हे चून कढईची कड सोडेपर्यंत आटवावे लागते आणि गार करूनच भरावे लागते. गरम चुनाची वाफ आतून धक्का देते.

तेल फार तापू देऊ नका. पिठाची गोळी टाकली की तळाशी जाऊन पाच-सहा सेकंदांनी वर यावी. टाकताच वर उडाली तर नेवरीला लगेच फोड येतात, बाहेरून रंग चढतो आणि दुसऱ्या दिवशी ती मऊ पडते. एका घाण्याला पाच ते सहा मिनिटे, मंद ते मध्यम आच. तळून झाल्यावर चाळणीत किंवा कागदावर सुट्या पसरून ठेवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. भाद्रपदात हवा एवढी दमट असते की कोमट नेवरी डब्यात स्वतःच्या वाफेनेच भिजते.

तेलाचा खर्च वाचतो तो तळण्याच्या क्रमात. एका तेलात आधी नेवऱ्या, मग पुऱ्या करणार असाल तर पुऱ्या, सर्वांत शेवटी भजी किंवा पातवड्या (अळूवड्या). भज्यांच्या पिठाचे कण तेलात जळतात आणि त्या तेलात नंतर काहीही पांढरे तळता येत नाही. एखादी नेवरी फुटलीच तर घाणा तिथेच थांबवा, तेल गाळून घ्या. साखर तळाशी करपली की पुढच्या सगळ्या नेवऱ्यांना काळे ठिपके येतात. तळणीचे तेल गार करून, गाळून, झाकून ठेवा आणि आठवड्याभरात फोडणीला संपवा. फेस येऊ लागला किंवा बोटाला चिकट लागले तर ते टाकायचे, त्यात नवे तेल मिसळून वाढवायचे नाही.

पुऱ्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या दिवशी त्या वगळा. पानात नेवरी आहे, पातवडी आहे, मणगणे आहे. वर ३६ पुऱ्या म्हणजे ६०० ग्रॅम कणीक, चांगले पावशेरभर तेल आणि एक माणूस तासभर कढईपाशी. आपले जेवण भाताचे आहे. बारा माणसांना ९०० ग्रॅम सुरय (न उकडलेला) तांदूळ पुरतो. पाहुणे चपातीचे असतील तर त्यांच्यापुरत्या दहा चपात्या करा.

आता खतख‍त्याकडे. ते का आंबले, हे आधी समजून घ्या, कारण करताना चूक झालेली नसते, ठेवताना होते. मोठ्या टोपात चार-पाच किलो दाट खतखते झाकून ठेवले की मधला भाग चार-पाच तास कोमटच राहतो. डाळ, खोबरे, ओलावा आणि ती ऊब, जंतूंना यापेक्षा चांगले काय हवे? फ्रिज रिकामा नसतो, पावसात वीजही जाते. संध्याकाळी एक उकळी काढून चुलीवरच ठेवले की झाले, असा समज आहे. उकळीने बरेच जंतू मरतात, पण रात्रभरात गार होताना पुन्हा तीच गत होते. शिवाय काही जंतूंनी सोडलेले विष उकळीनेही जात नाही.

म्हणून खतखते दोन टप्प्यांत करा. भाज्या आणि डाळ शिजवून घ्या. जेवढे त्या पंगतीला लागेल तेवढ्यातच वाटण घाला. उरलेल्या वाटण न घातलेल्या भाज्या पसरट भांड्यांत ओतून, गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ताजे वाटण घालून चांगली उकळी आणा. वाटणही त्याच दिवशी दोन भागांत करून अर्धे फ्रिजमध्ये ठेवता येते. वाढायचा डाव मुख्य टोपात बुडवू नका, एका छोट्या भांड्यात काढून वाढा.

बारा माणसांना: तूरडाळ १५० ग्रॅम, सोललेल्या भाज्या सगळ्या मिळून पावणेदोन किलो. २१ भाज्यांचा आग्रह धरू नका. पाच भाज्यांचे खतखतेही खतखतेच. सुरण, कणगां, लाल भोपळा, मुळा आणि मशिंगेच्या (शेवग्याच्या) शेंगा एवढ्यांवर उत्तम होते, वर मूठभर भिजवलेले शेंगदाणे आणि असल्यास मक्याच्या कणसाचे तुकडे. नीरफणस परसात असेल तर घाला, त्यासाठी बाजारात पैसे मोजू नका. सुरणाच्या फोडी आमसुलाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, खाज कमी होते. आधी सुरण आणि कंद, ते अर्धे शिजल्यावर मुळा आणि शेंगा, भोपळा सगळ्यात शेवटी. सगळे एकदम कुकरात टाकले की भोपळ्याचा लगदा होतो आणि सुरण कच्चा राहतो.

वाटणाला दीड नारळ, ८ ते १० ब्याडगी मिरच्या, दोन चमचे धणे, एक चमचा हळद. शेवटी सहा-सात आमसुले, लिंबाएवढा गूळ आणि १२ ते १५ तेफळे (तिरफळे). तेफळे वाटणात घालायची नाहीत. काळी बी काढून टाका, टरफल थोड्या पाण्यात ठेचा आणि ते पाण्यासकट उकळत्या खतखत्यात सोडा. वाटली तर जीभ बधीर करणारा कडवटपणा उतरतो. वरून फोडणी नको, हवेच तर चमचाभर खोबरेल.

मुगागाठींची तयारी दोन दिवस आधी सुरू होते, हे बाहेरून आलेल्या सुनांना कुणी सांगत नाही. ३०० ग्रॅम मूग आठ तास भिजवा, पाणी काढून सैल फडक्यात बांधा आणि दर सहा-सात तासांनी धुऊन पुन्हा बांधा. पावसात मोड बुळबुळीत होतात आणि आंबूस वास येतो, त्याचे कारण घट्ट गाठोडे आणि न धुणे. मोड आल्यावर कोमट पाण्यात चोळलेत तर साले वर तरंगतात. कुकर वापरू नका, उघड्या भांड्यात बारा ते पंधरा मिनिटे पुरे. दाणा अख्खा राहिला तरच त्या ‘गाठी’, नाहीतर उसळ.

मणगण्याला २५० ग्रॅम चणाडाळ दोन तास भिजवून आधी पाण्यात बोटचेपी होईपर्यंत शिजवा. मग ६० ग्रॅम भिजवलेला साबुदाणा, तो पारदर्शक झाला की दुसरा रस आणि ३५० ग्रॅम गूळ. गूळ आधी पडला तर डाळ आहे तिथेच थांबते, पुढे तासभर शिजवली तरी दाताखाली येते. दाट रस शेवटी, आच अगदी मंद करून, आणि त्यानंतर उकळी नाही. उकळला की रस फाटतो, वर तेल आणि खाली चोथा. फाटलेल्या मणगण्याला उपाय नाही, पण ते खाता येते. ते टाकून नवे करण्याची चूक करू नका.

एका पानात एकच पातेल्यातले गोड ठेवा. मणगणे आहे तर पायस नको. पायस हवे असेल तर ते तिसऱ्या दिवशी.

सासव सगळ्यात शेवटी करा. खोबऱ्याचे ते वाटण कच्चेच राहते, म्हणून पंगतीनंतर उरलेले सरळ टाकावे लागते. म्हणूनच त्याला अर्धाच नारळ दिला. मोहरी किंचित गरम करून एक सपाट चमचा, आणि ती खोबरे बारीक झाल्यावरच घालून दोनदा फिरवा. जास्त वेळ वाटलेली मोहरी कडू होते.

पंचमीला पातोळ्या कराव्यात, कारण त्यांना तळणीचे तेल लागत नाही आणि काजूही लागत नाहीत. अर्धा किलो सुरय तांदूळ चार-पाच तास भिजवून, शक्य तितक्या कमी पाण्यात गुळगुळीत वाटा. दीड नारळ आणि १८० ग्रॅम गुळाचे चून. एवढ्यात २० पातोळ्या होतात. पीठ पानावर ठेवून पान उभे धरले तर घसरता कामा नये. जाडी दोन-तीन मिलिमीटर. जाड थापले की मध्ये कच्चे राहते, पातळ थापले की चून बाहेर येते. वाफ आधी तयार हवी, मग बारा ते पंधरा मिनिटे. गरम असताना पान ओढू नका, अर्धी पातोळी पानालाच राहते. दुपारी भात, साधे वरण आणि उरलेल्या भाज्यांचे ताज्या वाटणाचे खतखते. पंचमीच्या अडीच नारळांतला उरलेला एक इथे लागतो.

तिसरा आणि चौथा दिवस हलका असू द्या. खरी बचत याच दोन दिवसांत आहे, कारण तोपर्यंत गोड खाऊन सगळे कंटाळलेले असतात. दुपारी उकड्या तांदळाचा भात, तूरडाळीचे वरण, अळूचे, पापड आणि लोणचे. रात्री पेज, वर तव्यावरच्या बटाट्याच्या किंवा नीरफणसाच्या कापा. सकाळी पोळे किंवा घावन. गणपती असेपर्यंत कांदा-लसूण वर्ज्य असेल तर चण्यांच्या तोणाकाला धणे, मिरी आणि भाजलेले खोबरे यांवर दाटपणा आणा. अर्धा नारळ नीट लालसर भाजलात तर कच्च्या पाऊण नारळाचे काम करतो.

आरतीच्या दोन संध्याकाळी याच दिवसांत धरा. पंचवीस जणांना एक सुकी नेवरी, वाटीभर उसळ आणि चहा. याहून जास्त ठेवलेत तर पुढच्या घरी त्यांना खाववत नाही, एका संध्याकाळी ही मंडळी चार-पाच घरे फिरतात. उसळीला एक किलो काळे चणे किंवा सफेद वाटाणे, माणशी ४० ग्रॅम. आदल्या रात्री भिजवून ते शिजल्यावर दुपटीहून थोडे जास्त भरतात. वर अर्ध्या नारळाचे खोबरे, फोडणीला मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि हिरवी मिरची. खोबरे संपूर्ण उसळीत ढवळू नका, घुमट थांबले की वाढायच्या भांड्यात घाला. राहिलेली उसळ मग सकाळपर्यंत फ्रिजमध्ये चांगली टिकते. चहाला सव्वा लिटर दूध, तेवढेच पाणी, पाव किलो साखर आणि ६० ग्रॅम पूड. साखर थोडी कमीच पडू द्या, नेवरी गोड आहे.

दोन संध्याकाळी मिळून पन्नास नेवऱ्या जातात, दहा उरतात. नवविवाहित मुलीकडे वजें (सणाची भेट) पाठवायचे असेल तर त्याच्या नेवऱ्या याच घाण्यात धरून एकदम १०० करा. दुसऱ्यांदा कढई चढवली की तेवढेच तेल पुन्हा खराब होते. आणि वज्यातले लाडू रव्याचे करा, बेसनाच्या लाडवांना तूप दीडपट लागते.

गॅस तयेच्या आधीच बघून घ्या, पंगतीच्या मध्ये सिलिंडर संपण्याइतके वाईट काही नाही. डाळी भिजवून घातल्या, भात आणि वरण एकाच कुकरात दोन डब्यांत लावले आणि पातवड्यांचे उंडे मोदकपात्रात वरच्या चाळणीवर ठेवले, तर पहिल्या दिवशी निदान दीड तासाची आच वाचते. परसात चूल असेल तर कंद आणि चणे तिच्यावर.

विसर्जनाच्या दिवशी भिजवलेली मूगडाळ, खोबरे आणि गूळ हा प्रसाद. ३०० ग्रॅम डाळ, अर्धा नारळ. डाळ दोन तासच भिजवा, रात्रभर नको, आणि पाणी पूर्ण निथळून मगच गूळ मिसळा, नाहीतर तळाशी पाणी सुटते. खोबरे घातलेला हा प्रसाद नदीवर नेईपर्यंत दोन-तीन तास जातात, म्हणून तो निघायच्या अगदी आधी कालवा.

माटोळी उतरवल्यावर तिची वाटणी स्वयंपाकघराच्या हिशेबाने करा. कवंडळ आणि इतर रानफळे ही शोभेची, ती वेगळी काढून मुलांच्या हातात जाणार नाहीत अशी ठेवा. तोरिंग, चिबूड, पेरू लगेच खायचे. केळ्यांचा घड पाच दिवसांत पिकत आलेला असतो. जास्त पिकलेली केळी कणीक, गूळ आणि जिरे घालून गोड पुऱ्यांना, नाहीतर सालीसकट वाफवून तशीच. खाली आलेल्या नारळांवर पुढचा आठवडा निघतो, आणि तेव्हा विसर्जनानंतरची महाग मासळी लगेच पहिल्या दिवशी घ्यायची घाई राहत नाही. दोन दिवस थांबा, भाव उतरतो.

मोठ्या तवशाची तवसोळी करा. बिया काढून किसलेले तवशें तीन वाट्या, तांदळाचा जाडसर रवा भाजून दोन वाट्या, गूळ दीड वाटी, खोबरे एक वाटी, मीठ, वेलची. आधी तवशें आणि गूळ एकत्र करून दहा मिनिटे ठेवा. जे पाणी सुटेल त्यातच रवा भिजवा, वरून एक थेंबही घालू नका. मिश्रण इडलीच्या पिठाहून थोडे घट्ट हवे. हळदीचे पान उरले असेल तर ते तळाशी घालून पस्तीस ते चाळीस मिनिटे वाफवा. सुरी कोरडी बाहेर आली तरी लगेच कापू नका, तासभर जाऊ द्या, नाहीतर मधोमध चिकट लागते आणि कच्ची राहिली असे वाटून लोक ती पुन्हा वाफवायला ठेवतात.